डावीकडचं चाक

मांजरीचं पिल्लू पांढरंशुभ्र होतं. त्या रविवारी सकाळी ते जीपखालून बाहेर आलं, तेव्हा त्याच्या पाठीवर बोटभर रुंद काळा पट्टा होता.

"मिसबाह, ह्याला काय फासलंस गं?" अम्मीनं ओट्यावरून विचारलं.

"मी कशाला फासू? सुट्टीच्या दिवशी मला दुसरं काम नाही का?"

"मग तुझ्या अब्बांच्या लाडकीनं फासलं असेल."

लाडकी म्हणजे जीप. अम्मी, म्हणजे मेहरुन, गमतीनं बोलली होती, पण बरोबर बोलली होती. मिसबाहनं पिल्लाच्या पाठीवरून बोट फिरवलं, वास घेतला, मग दोन बोटांत चोळून पाहिलं. ग्रीस होतं, आणि त्यात बारीक रेती कचकचत होती. जळगावच्या एका प्रयोगशाळेत ती आठवडाभर पाण्याचे नमुने तपासायची आणि रविवारी फैजपूरला घरी यायची. एखादी गोष्ट दिसली की ती कुठून आली हे पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. एम.एस्सी. होण्याच्या आधीपासूनच ही खोड होती.

जीप शेडमध्ये नेहमी एकाच पद्धतीनं उभी असायची. डावी बाजू भिंतीला लागून, उजवी मोकळी. भिंत आणि गाडी यांच्यामधल्या फटीत ती आडवी सरकली आणि मोबाइलचा टॉर्च लावला. डाव्या चाकाची आतली बाजू काळ्या ग्रीसनं माखली होती. पुढच्या चाकाला फिरवणारा दांडा चाकापाशी जिथं वळतो, तिथल्या सांध्यावर घडीघडीचं रबरी आवरण असतं. गॅरेजवाले त्याला बूट म्हणतात. ग्रीस आत आणि माती बाहेर ठेवायची, एवढंच त्याचं काम. तो बूट एका घडीत आडवा फाटला होता.

तिनं फाटलेल्या कडेवरून नख फिरवलं. कड सरळ होती, सुरीनं कापावी तशी. घडीत केळीच्या पानाची एक वाळकी चिंधी चिकटून बसली होती.

मिसबाह तिथंच पडून राहिली. हा बूट फाटायलाच नको होता. गेल्या होळीपासून या जीपनं डांबरी रस्ता सोडला नव्हता. कधी जामनेरच्या बाजारात, कधी जळगावला, एवढंच. वाटेत ना दगड, ना झाडाचा खुंट.

आणि गेल्या वर्षी, उजवीकडचा अगदी असाच बूट फाटला तेव्हा, तो खुंटावर घालून फाडल्याचा आळ बादलवर आला होता.

अब्बांचा, म्हणजे कादरचा, धंदा डिंक, चारोळी आणि चिंचेचा. माल सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून यायचा. सावरीबर्डीचा ठाकऱ्या तो गोळा करून ठेवायचा आणि ठाकऱ्याचा मुलगा बादल जीप घेऊन वर जायचा, भरून खाली आणायचा. त्या वाटेवर साधी गाडी चालत नाही. चारही चाकांना जोर लागतो, शिवाय वाटेत जागोजाग तोडलेल्या सागाचे आणि धावड्याचे खुंट जमिनीतून वीतभर वर आलेले. बादल त्यांच्यामधून गाडी अशी काढायचा, की मागच्या पोत्यांवर बसलेल्या माणसाची झोप मोडू नये. चालवताना तो गाणी म्हणायचा. चाल कुठल्या तरी लग्नातली आणि शब्द त्याचे स्वतःचे, बहुतेक वेळा शेजारी बसलेल्याची टिंगल करणारे. मिसबाहला गाडी त्यानंच शिकवली, नदीच्या कोरड्या पात्रात. ती पहिल्यांदा क्लच सोडून गचके खात गेली, तेव्हा त्यानं तिच्यावर एक आख्खं गाणं केलं होतं. ते ऐकून अब्बा हसता हसता खोकले होते.

गेल्या वर्षी होळीच्या जरा आधी बादल चिंच घेऊन खाली आला आणि उतरल्या उतरल्या स्वतःच म्हणाला, "भाऊ, उजवं चाक वाजी ऱ्हायनं. पुरं वळण मारं का टकटक करस."

निंबा मिस्तरी आला. त्यानं चाक खोललं, आत बोट घातलं आणि ते कादरसमोर धरलं. "बूट फाटना, भाऊ. जॉइंटमा रेती भरी गई. आता जॉइंटबी बदलना पडी."

कादरचा पारा चढला. "खुंटावर घातलीस?"

"नही, भाऊ. एकबी खुंट लागना नही."

"मग काय उंदरानं खाल्ला?"

"माले काय माहीत? पन खुंट नही लागना."

अंगणात हमाल उभे होते, चिंचेचा एक व्यापारी उभा होता. सगळ्यांसमोर बादलचा आवाज चढला आणि कादरचाही. मग कादरनं मुलीला हाक मारली. "ही शिकलेली आहे. ही सांगेल. मिसबाह, बघ गं."

मिसबाहनं पाहिलं. अगदी नीट पाहिलं, असं तिला तेव्हा वाटलं होतं. फाट सरळ, कड स्वच्छ, आणि घडीत सागाची एक बारीक ढलपी रुतलेली. ती उभी राहिली आणि बोटं चिंधीला पुसत म्हणाली, "कापल्यासारखं दिसतंय. काहीतरी धारदार लागलंय."

ती खोटं बोलली नव्हती. तिला जे दिसलं तेवढंच तिनं सांगितलं होतं. पण त्या अंगणात त्या वाक्याचा अर्थ काय होईल, हे तिला माहीत होतं.

"ऐकलंस?" कादर म्हणाला.

बादलनं मिसबाहकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. तिचं अजून काही सांगायचं बाकी असेल, आणि आपण ते ऐकायला थांबावं, असा तो उभा होता. तिच्या बोटांवरचं ग्रीस निघता निघत नव्हतं. ती चिंधीच पाहत राहिली. मग त्यानं किल्ली बॉनेटवर ठेवली आणि तो पायी निघून गेला.

पुढं एकामागून एक सगळं घडत गेलं. ठाकऱ्यानं माल देणं बंद केलं. चोपड्याकडच्या एका फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर बादलचं काम जवळजवळ ठरलं होतं. त्यांनी कादरला फोन करून मुलगा कसा आहे म्हणून विचारलं. "गाणी चांगली म्हणतो, खुंट तेवढे बघत नाही," कादर म्हणाला. हे तो बाजारातही दोन-चार ठिकाणी बोलून गेला होता. बाजारात असं वाक्य टिकतं. बादल सुरतेला गेला, साड्यांचे गठ्ठे उचलायला.

काढलेला फाटका बूट कादरनं शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवला होता. ठाकऱ्या कधी भांडायला आलाच, तर दाखवायला. ठाकऱ्या आला नाही.

मिसबाह फटीतून बाहेर आली आणि तिनं तो बूट खिळ्यावरून काढला. वर्षभराच्या धुळीखाली रबर फुगलेलं होतं. घड्या जाड, मऊ, दाबलं की बोटाचा ठसा उमटेल अशा. तिनं परत वाकून डावा बूट चाचपला. तोही तसाच. मग उजवीकडचा, गेल्या वर्षी बसवलेला नवा. तो फाटला नव्हता, पण हाताला चिकट लागला.

तिला डिझेलचा वास आला, आणि एकदम सगळं कळलं.

पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला तेल मारायचं, ही इथली जुनीच रीत. जळकं इंजिन ऑइल आणि डिझेल एकत्र करायचं, केळीवर औषध फवारायच्या पाठपंपात भरायचं आणि गाडीच्या खालून सगळीकडे उडवायचं, म्हणजे पत्रा गंजत नाही. लोक वर्षातून एकदा मारतात. कादर पावसाळ्याआधी मारायचा, दोन्ही ईदला मारायचा, आणि जीप चिखलातून आली की पाण्यानं धुऊन पुन्हा मारायचा. "मालिश" म्हणायचा त्याला. पंप बादलच्या पाठीवर आणि नळी मिसबाहच्या हातात. भिंतीकडच्या बाजूला नळी नीट पोचायची नाही, म्हणून डावीकडे कमी आणि उजवीकडे भरपूर. कॉलेजात असताना तिनं त्यात एक सुधारणाही सुचवली होती. जळक्या तेलाला कचरा चिकटतो, नुसतं डिझेल मारू, ते पातळ असतं, बारीक फटीतही जातं. कादरनं गल्लीभर सांगितलं होतं, माझ्या पोरीनं डोकं लावलं म्हणून.

डिझेल बारीक फटींत गेलं तसं रबरातही गेलं होतं. असल्या तेलात रबर का फुगतं, हा प्रश्न तिला परीक्षेत आला होता आणि तिनं त्याचं उत्तर आकृतीसकट लिहिलं होतं. प्रश्नपत्रिकेतलं रबर आणि घरच्या जीपखालचं रबर एकच, हे मात्र तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

पण गेल्या वर्षीही तिला असंच एका नजरेत सगळं कळलं होतं. म्हणून या वेळी ती कुणाला काही बोलली नाही.

गेल्या वर्षी निंबानं त्याच जातीचा एक जादा बूट आणून ठेवला होता. तो कोरा होता. तिनं त्याच्या दोन सारख्या पट्ट्या कापल्या, एक पाण्यात टाकली, एक डिझेलमध्ये, आणि दोन्ही बरण्या शेडच्या फळीवर ठेवल्या.

"लोणच्याच्या बरणीत डिझेल?" मेहरुन कपाळाला हात लावून म्हणाली. "तुझ्या सासरी हे सांगितलं तर मुलगी आम्हाला परत करतील."

"अजून दिलीये कुठं?"

"म्हणून तर म्हणते, बरणी सांभाळ."

पुढच्या रविवारी मिसबाहनं पट्ट्या बाहेर काढल्या. पाण्यातली जशीच्या तशी होती. डिझेलमधली लांबीला वाढली होती, जाडीला वाढली होती आणि ओल्या पापडासारखी लुळी पडली होती. तिनं ती दोन्ही हातांनी हलकेच ताणली. पट्टी फाटली. फाट सरळ आली, कड स्वच्छ, कापल्यासारखी.

ते दोन तुकडे हातात धरून तिनं अंगणाकडे पाहिलं. बादल उभा होता ती जागा शेडच्या दारातून दिसत होती. त्या दिवशी तिला फक्त चार पावलं चालून जीपला वळसा घालायचा होता आणि डावीकडचा बूट हातानं दाबून पाहायचा होता. तो तेव्हा फाटला नव्हता, पण फुगलेला नक्कीच असणार. प्रयोगशाळेत ती एका नमुन्यावरून कधी काही लिहीत नाही. सोबत दुसरा ठेवते, मगच बोलते. घरच्या अंगणात, माणसाबद्दल बोलताना, तिनं एकच चाक पाहिलं होतं.

दुपारी कादर जेवून उठला, तेव्हा तिनं पट्ट्या आणि खिळ्यावरचा बूट त्याच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. कादरनं चष्मा लावला. पट्टी ताणून पाहिली. फुगलेल्या घड्यांवर अंगठा दाबला.

"म्हणजे खुंट नव्हता."

"नव्हता, अब्बा."

"मग गाडीला आपणच..."

"आपणच. मी जास्त. नुसतं डिझेल मारायचं मीच सांगितलं होतं."

कादरनं चष्मा काढून ठेवला. "त्या दिवशी तुला हे दिसलं नाही?"

"मी दुसरं चाक पाहिलंच नाही."

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "मीही कुठं पाहिलं? गाडी माझी होती. पोरगाही माझ्याच हाताखालचा होता." मग पट्टी बाजूला सारत, "आता सांगून काय होणार? ते दवाखान्याचं काम गेलं. तो सुरतेला."

"होळीला येतो तो. होळीआधी भरतो त्या भोंगऱ्याच्या बाजाराला सुरतेहून झाडून सगळे परत येतात."

"तर तू जा. मी कोणतं तोंड घेऊन जाऊ?"

"आहे तेच घेऊन जा," आतून मेहरुन म्हणाली. "दुसरं कुठून आणणार?"

फाटक्या बुटानिशी डोंगर चढणं शक्य नव्हतं. आणि तिला पुन्हा तसलंच रबर बसवायचं नव्हतं. तिनं दोन-चार ठिकाणी फोन केले आणि एक दिवस रजा टाकून एस.टी.नं धुळ्याला गेली. तिथल्या भिकनभाऊंच्या दुकानात गाड्यांचे बूट छताला माळेसारखे टांगलेले होते. तिनं एक काढायला लावला, वाकवला, नखानं दाबला आणि नाकाशी नेला.

"ताई, अत्तर नही ते," भिकनभाऊ म्हणाला.

"तेल चालणारं रबर हवंय. डिझेल लागलं तरी फुगणार नाही असं."

"डिझेल लागीच कसाले? इंजिन तं वर शे."

"आम्ही लावतो, म्हणून," ती म्हणाली. भिकनभाऊनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि मागच्या फळीवरून दुसरा डबा काढला.

निंबानं दोन्ही चाकांना नवे बूट बसवले. डावीकडचा सांधा वेळेवर सापडला होता. त्यानं तो डिझेलनं नाही, रॉकेलनं धुतला, पुसला, नवं ग्रीस भरलं, पट्टी आवळली. मिसबाह शेजारी टॉर्च धरून बसली होती.

"निंबाभाऊ, गेल्या वर्षी तुम्हाला तो बूट फुगलेला वाटला नव्हता?"

"ताई, फाटना का बदलना. फाटेल बूटनी कुंडली कोन मांडस?" त्यानं हात पुसले. मग तिनं सगळं सांगितल्यावर त्यानं पाना खाली ठेवला. "मंग त्या पोऱ्याले कसाले हाकललं?"

मिसबाहनं टॉर्च बंद केला.

निघायच्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये आली, तर कादर आधीच जीपमध्ये बसला होता. शेजारच्या सीटवर, इस्त्रीचा सदरा घालून. मांडीवर रुमालात गुंडाळलेला जुना बूट होता. ती स्टेअरिंगवर बसली. किल्ली फिरवली.

पायथा सुरू झाला तशी पळसाची लाल झाडं दोन्ही बाजूंना आली. डांबरी संपली. मिसबाहनं पुढच्या चाकांना जोर दिला आणि ती सावरून बसली. ही वाट तिला पाठ होती. बादलच्या शेजारी बसून ती कितीतरी वेळा वर गेली होती. नाल्याच्या वर पहिला खुंट डावीकडे, मग दोन जवळजवळ, त्यांच्यामधून गाडी तिरकी काढायची. ती आधीच तिरकी झाली. खुंट आले नाहीत. पुढच्या वळणावर मोठा धावड्याचा खुंट असायचा. बादल त्याला "सासरा" म्हणायचा, बाजूनं जाताना सलाम ठोकायचा. तोही नव्हता. त्या जागी मुरूम भरून बुजवलेला खड्डा होता.

"वनखात्यानं वाट बरी केली," कादर म्हणाला.

सावरीबर्डीत आदल्या रात्रीच्या ढोलांचा शीण होता. ठाकऱ्या दारापुढच्या खाटेवर बसला होता. पूर्वी कादर दिसला की तो लांबूनच ओरडायचा, "चिंच खावाले येल शेतस का मोजाले?" आज तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या भाऊ." रेशमानं, त्याच्या बायकोनं, पाण्याचा तांब्या आणला आणि ती दाराशी उभी राहिली.

कादर बसला नाही. त्यानं रुमाल सोडून बूट खाटेवर ठेवला.

"ठाकऱ्या, हा मी खाल्ला. उंदरानं नाही, तुझ्या पोरानं नाही."

ठाकऱ्याला काही कळलं नाही. त्यानं मिसबाहकडे पाहिलं. "पोरी, काय म्हनस तुना बाप?"

तिनं सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात बादल घरामागून आला. वाळला होता. केस बारीक कापलेले. त्यानं जीपकडे आधी पाहिलं, मग माणसांकडे. मिसबाहनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पाठपंप, डिझेल, भिंतीकडची बाजू, वर्षभर डांबरीवर चाललेली गाडी, आणि तरी फाटलेला दुसरा बूट. बरणीतल्या पट्ट्यांचे आणखी तुकडे तिनं बरोबर आणले होते. एक त्याच्या हातात दिला. त्यानं ताणला. तो फाटला.

"तं खुंट व्हताच नही?" बादलनं विचारलं.

"नव्हता, बादलभाऊ. मी चुकीचं सांगितलं. डावीकडचं चाक मी पाहिलंच नाही."

बादलनं बापाकडे पाहिलं. ठाकऱ्या खाली बसला. त्याच्या तोंडातून हसल्यासारखा एक आवाज आला, पण तो हसला नव्हता.

"आम्हनी बठ्ठा खुंट काढी टाकात, एकबी ऱ्हावू दिधा नही," तो म्हणाला.

"कोणते?" कादरनं विचारलं.

"वाटना. नाल्यापाईन वरलोंग. सुरतले जावाना पहिले यानी आनि मी. पहारनी खंदात, कुऱ्हाडनी तोडात. बायका हासेत. म्हनेत, हाई कसानं वेड?" त्यानं मुलाकडे हनुवटी केली. "याले इचारा."

बादल हातातल्या रबराकडेच पाहत होता. "कोनता लागना, याद येये ना," तो म्हणाला. "दररोज रातले बठ्ठी वाट याद करू. हाऊ नही, तो नही. पन ताईनी सांगं म्हंजे लागनाच व्हई. मीच गाणामा ऱ्हायनू व्हसू. कोनता ते समजे ना, मंग बठ्ठाच काढात."

मिसबाहला आपण हात कुठं ठेवावेत ते समजेना. जे झालं नाही ते या माणसानं वर्षभर आठवून पाहिलं होतं, कारण तिनं एक वाक्य नीट, स्वच्छ मराठीत म्हटलं होतं. तिच्यावर त्यानं राग धरला असेल, अशी तयारी करून ती आली होती. तिच्यावर विश्वास ठेवला असेल, याची तिनं काहीच तयारी केली नव्हती.

"सासराही काढला?" तिनं कसंबसं विचारलं.

"त्याले दोन दिन लागनात," ठाकऱ्या म्हणाला.

रेशमानं चहा आणला. कादर खाटेच्या टोकावर बसला. त्यानं दवाखान्याच्या गाडीचं सांगितलं, आपण फोनवर काय बोललो तेही सांगितलं, शब्द न गाळता. मी पुन्हा फोन करीन म्हणाला. बाजारात ज्यांना-ज्यांना बोललो त्यांच्याकडे स्वतः जाईन म्हणाला. ठाकऱ्या ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "करा, भाऊ." त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता आणि आशाही फारशी नव्हती.

निघताना कादरनं किल्ली बादलसमोर धरली. "घे."

"नको, भाऊ. परवा सुरतले जानं शे."

"कायमची नाही म्हणत. नाल्यापर्यंत सोड. माझं एवढं ऐक."

बादलनं बापाकडे पाहिलं, मग किल्ली घेतली. तो बसला, आरसा सारखा केला, सीट मागं घेतली. ती सीट मिसबाहच्या मापाची होती. मिसबाह मागं पोत्यांच्या जागी बसली. गाडी निघाली, आणि तिला वाटलं, आता तो काहीतरी म्हणेल. अब्बांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर तर दोन ओळी नक्कीच होण्यासारख्या होत्या.

पहिल्या वळणापाशी गाडी थांबली. बादल उतरला, पुढं जाऊन वाकला, दोन्ही चाकांपुढची जमीन पाहिली आणि परत येऊन बसला. थोडं अंतर गेल्यावर पुन्हा थांबला. पुन्हा उतरला. वाट मोकळी होती, त्यानंच केलेली. याच डोंगरात तो मोठा झाला होता, डोळे मिटूनही उतरला असता. कादर समोर काचेतून पाहत बसला होता आणि त्याचा हात मांडीवरच्या रिकाम्या रुमालाशी चाळा करत होता.

तिसऱ्यांदा गाडी थांबली, तेव्हा मिसबाह मागून म्हणाली, "बादलभाऊ, तिथं काही नाहीये."

"माहीत शे, ताई," तो म्हणाला, आणि उतरला.

नाल्यापाशी त्यानं गाडी सावलीत लावली. किल्ली तिच्या हातात दिली. कादर काही बोलायला गेला, पण बादलनं हात जोडले आणि तो वळला. मिसबाह स्टेअरिंगवर बसली, तरी तिनं गाडी सुरू केली नाही. आरशात तो चढ चढत जाताना दिसत होता. सासऱ्याच्या वळणावर तो थांबला. बुजवलेल्या खड्ड्यावरची माती पायानं दाबली, एकदा, मग पुन्हा एकदा, आणि पुढं गेला.